यंत्राचा पहारा आणि माणसाची जाग

मांडवी आणि जुवारी यांच्या काठी राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी खाजन शेते पाहिलीच असतील. नदीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलमातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात, आणि त्या बांधांत मानस या नावाची लाकडी दारे बसविलेली असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते आपोआप उघडते. दोरी ओढावयास कोणी नको, घड्याळ पाहावयास कोणी नको. आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी केलेली ही स्वयंचलित योजना पाहून आजही कौतुक वाटते. तथापि, ही दारे बसविल्यावर गावकऱ्यांनी बांधावरून फिरणारा माणूस मात्र काढून टाकला नाही. कारण कुर्ल्या बांधात बिळे पाडतात, आणि दाराला बीळ दिसत नाही. ते पाहण्यासाठी पायांखालची माती ओली झाली आहे हे ओळखणारा माणूसच लागतो.

या दाराची आणि या माणसाची आठवण आम्हांस गेल्या वर्षी एका वेगळ्याच निमित्ताने झाली. आमचा एक माजी विद्यार्थी सुट्टीत भेटावयास आला होता. मालवाहतुकीच्या धंद्यातील एका कंपनीत तो संगणक विभागाचे काम पाहतो. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, एका अडचणीत आहे. आमच्या मालकांना संगणकांच्या सुरक्षेची तपासणी करणारी स्वयंचलित यंत्रणा घ्यायची आहे. ती रात्रंदिवस सगळे संगणक तपासणार. पण तिला सगळ्या किल्ल्या द्याव्या लागतील. आणि ती आली की तपासणीच्या कामावर असलेल्या तिघांपैकी दोघांना घरी पाठवावे, असे मालकांच्या मनात आहे. मला लेखी मत द्यावयाचे आहे. हो म्हणू की नाही म्हणू?"

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. संगणकाच्या अंतरंगाविषयी त्याला शिकवावे अशी आमची योग्यता नाही. परंतु एखाद्या गोष्टीच्या दोन्ही बाजू तराजूत घालून पाहणे, हे तर शाळेत आपण नित्य शिकवितोच. म्हणून आम्ही त्याला म्हणालो, "बाबा रे, हो आणि नाही हे नंतर पाहू. आधी दोन्ही पारड्यांत काय काय पडते ते मांडून पाहू." त्या दिवशी आणि पुढे कित्येक दिवस पत्रांतून जे मांडले गेले, तेच या लेखात विद्यार्थिमित्रांसाठी थोडक्यात देत आहोत. तुमच्यापैकी कित्येक जण उद्या अशाच एखाद्या कचेरीत असाल. आणि तुमच्या आईवडिलांची पुंजी व माहिती तर आजच अशा कचेऱ्यांच्या स्वाधीन आहे.

प्रथम तपासणी म्हणजे काय ते पाहू. हिशेबतपासणी आपल्या देशाला नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात हिशेबाच्या कचेरीस स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि वर्षाचे हिशेब आषाढात सादर व्हावेत असा दंडक घातला आहे. संगणकाच्या सुरक्षेची तपासणीही त्याच जातीची आहे. कोणत्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर आहे, त्यात माहीत झालेला एखादा दोष आहे काय, तो दुरुस्त झाला आहे काय, कोणाच्या हाती कोणता पासवर्ड आहे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते अजून चालू तर नाही ना, हे सारे प्रश्न विचारावयाचे आणि उत्तरे लिहून ठेवावयाची. हेच काम माणसाऐवजी यंत्रणेने केले म्हणजे ती स्वयंचलित तपासणी झाली. माणूस वर्षातून एकदा फेरी मारतो. यंत्रणा दर तासाला मारू शकते. माणूस शंभरांतील दहा संगणक नमुन्यादाखल पाहतो. यंत्रणा शंभरच्या शंभर पाहते. हा तिचा मोठा गुण होय.

या गुणाचे मोल किती, हे इंग्लंडच्या इस्पितळांवरून कळते. २०१७ च्या मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज प्रणालीतील एका दोषावरची दुरुस्ती सर्वांना उपलब्ध करून दिली. ज्यांनी ती करून घेतली ते सुरक्षित झाले. परंतु असंख्य संगणकांवर ती झालीच नाही. आणि दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, वॉनाक्राय नावाचा उपद्रवी प्रोग्राम सुमारे १५० देशांत पसरला. तो संगणकातील माहितीला कुलूप लावी आणि खंडणी मागे. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथील सरकारी हिशेबतपासनिसांच्या अहवालात नमूद आहे. कोणत्या संगणकावर दुरुस्ती व्हावयाची राहिली आहे, हे यंत्रणेने रोज सकाळी सांगण्यासारखे काम होते. हजारो संगणकांच्या बाबतीत ते माणसाच्या स्मरणावर सोडणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. तेव्हा यंत्रणा नकोच, असे म्हणणारा मनुष्य या रुग्णांना काय उत्तर देईल? हे पहिल्या पारड्यातील वजन झाले.

आता दुसरे पारडे पाहू.

यंत्रणा आपल्याला सांगितलेल्या जागीच पाहते, हा पहिला धोका. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीची माहिती सांभाळते. २०१७ च्याच मार्च महिन्यात अपाचे स्ट्रट्स नावाच्या सॉफ्टवेअरमधील एक गंभीर दोष जाहीर झाला. कंपनीने ४८ तासांत दुरुस्ती करावी असा हुकूम आपल्या माणसांना धाडला. परंतु ज्यांना तो पाठवावयाचा त्यांची यादी जुनी होती. जबाबदार माणसांपर्यंत तो पोहोचलाच नाही. पुढे यंत्रणेकडून शोध घेतला, तर तिने असा दोष कोठेच नाही असा निर्वाळा दिला. दोष होता, यंत्रणेला तो सापडला नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत चोरटे त्या वाटेने आत वावरत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. याहून विलक्षण गोष्ट अशी की, बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे एक साधन कंपनीत होतेच. पण त्याला लागणारे प्रमाणपत्र मुदत संपून महिनोन्महिने तसेच पडले होते, त्यामुळे ते साधन आंधळे झाले होते. जुलैच्या अखेरीस कोणी ते प्रमाणपत्र नवे केले आणि लागलीच संशयास्पद हालचाल दिसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. २०१९ साली या प्रकरणी कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

येथे नीट ध्यानात घ्या. इक्विफॅक्सकडे यंत्रणा नव्हती असे नव्हे. होती, आणि तिने "सर्व ठीक" असे सांगितले, हेच घातक ठरले. तपासणीच न झालेला मनुष्य निदान साशंक तरी असतो. "सर्व ठीक" असा कागद हाती आलेला मनुष्य निश्चिंत झोपतो. खोटा धीर हा कित्येकदा अज्ञानापेक्षा महाग पडतो.

दुसरा धोका याच्या उलट आहे. यंत्रणा फार बोलते. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील टार्गेट या दुकानांच्या कंपनीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या बँक-कार्डांची माहिती चोरीस गेली. फायरआय या कंपनीची यंत्रणा तेथे काही महिन्यांपूर्वीच बसविली होती, आणि तिने इशारेही दिले होते. त्या काळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या हकिकतीप्रमाणे, बंगळूरात बसून नजर ठेवणाऱ्या मंडळींनी ते इशारे अमेरिकेतील मुख्य कचेरीस कळविलेही होते. परंतु तेथे त्यांवर तातडीची काही कारवाई करण्याचे कारण नाही, असे ठरले. घातक प्रोग्राम आपोआप पुसून टाकण्याची सोयही त्या यंत्रणेत होती. ती बंद करून ठेवली होती.

"एवढी ढिलाई!" असे तुम्ही म्हणाल. परंतु निवाडा देण्यापूर्वी थोडे गणित करू. हे आकडे आम्ही केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, एका मोठ्या कंपनीत दिवसाकाठी १,००,००० वेळा कोणी ना कोणी संगणकात प्रवेश करतो, आणि त्यांपैकी १० प्रवेश चोरांचे आहेत. समजा, यंत्रणा इतकी उत्तम आहे की ती शंभरांतील ९९ चोर पकडते, आणि शंभर सज्जनांपैकी केवळ एकावर चुकून संशय घेते. आता मोजा. १० चोरांपैकी जवळजवळ १० पकडले गेले. उरलेल्या ९९,९९० सज्जनांपैकी शेकडा एक म्हणजे सुमारे १,००० जणांवर फुकाचा संशय आला. दिवसाचे इशारे झाले १,०१०. त्यांत खरे १०. म्हणजे शंभर वेळा घंटा वाजते तेव्हा सुमारे एकदाच चोर असतो. एकेक इशारा तपासण्यास ५ मिनिटे धरली तर रोजचे ५,०५० मिनिटांचे, म्हणजे सुमारे ८४ तासांचे काम झाले. दिवसाला आठ तास काम करणारी दहा-अकरा माणसे त्यासाठीच लागतील. ती नसतील तर काय होईल? "लांडगा आला रे आला" या गोष्टीतील गावकऱ्यांचे जे झाले तेच होईल. मात्र येथे मुलगा खोडकर नाही, प्रामाणिक आहे. आणि गावकरी निष्काळजी नाहीत, थकलेले आहेत.

यावरून आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा एक भाग सुटतो. यंत्रणा आणली म्हणून माणसे कमी करता येतात, हा हिशेबच चुकीचा आहे. यंत्रणा पाहण्याचे काम कमी करते, पण ठरविण्याचे काम वाढविते. पूर्वी जी बिळे कोणाला दिसतच नव्हती ती आता दिसतात. ती बुजविणार कोण?

"तर मग ठरविण्याचे कामही यंत्रणेकडेच द्यावे," असे कोणी सुचवील. "चोर वाटला की दार बंद, दोष दिसला की दुरुस्ती, माणसाला विचारावयासच नको." टार्गेटमध्ये पुसून टाकण्याची सोय चालू असती तर कदाचित चोरी टळली असती, हे खरे. परंतु हा तिसरा धोका आहे, आणि त्याचा अनुभव जगाने १९ जुलै २०२४ रोजी घेतला. क्राउडस्ट्राइक या कंपनीची सुरक्षा-यंत्रणा जगभरच्या कंपन्यांत संगणकाच्या अगदी गाभ्यात बसविलेली असते. नवनव्या उपद्रवांची माहिती तिला आपोआप पुरविली जाते. त्या दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अशीच एक फाईल धाडण्यात आली. ती सदोष होती. ती तपासणारा प्रोग्राम कंपनीत होता. पण त्या तपासनिसातच दोष असल्यामुळे त्याने ती उत्तीर्ण केली. ७८ मिनिटांनी फाईल मागे घेतली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. इस्पितळे, बँका, विमानतळ सारे अडले. आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्याची पाळी आली. चोर कोणीच नव्हता; पहारेकऱ्यानेच दार आतून बंद करून घेतले होते. आणि दुरुस्ती मात्र आपोआप होईना; असंख्य ठिकाणी माणसाला एकेका संगणकापुढे जाऊन बसावे लागले.

जी यंत्रणा क्षणात लाखो ठिकाणी रक्षण करू शकते, तीच क्षणात लाखो ठिकाणी चूकही करू शकते. माणूस चुकतो तेव्हा एका टेबलावर चुकतो. यंत्रणा चुकते तेव्हा सर्व टेबलांवर एकदम चुकते. वेगाचे हे दुसरे तोंड होय.

चौथा धोका किल्ल्यांचा. सारे घर तपासावयाचे तर साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या हव्यात. पण ज्याच्या कमरेला साऱ्या किल्ल्या आहेत त्यालाच चोराने गाठले तर? सोलरविंड्स या कंपनीचे ओरायन नावाचे सॉफ्टवेअर मोठमोठ्या संस्थांत संगणकांच्या जाळ्यावर देखरेख ठेवण्यासाठी वापरीत असत. चोरट्यांनी त्या कंपनीच्या कारखान्यातच शिरून ओरायनच्या नव्या आवृत्तीत आपली चोरवाट मिसळून दिली. सुमारे १८,००० ग्राहकांनी ती आवृत्ती विश्वासाने बसविली. त्या सर्वांच्या घरांत चोर प्रत्यक्ष शिरले असे नाही. परंतु अमेरिकन सरकारची काही खाती त्यांनी गाठली. हे २०२० च्या डिसेंबरात उघड झाले. कुंपणच शेत खाते, ही आपली म्हण संगणकाच्या युगात अशी अक्षरशः खरी ठरली.

आणि हे उघड कसे झाले, ते तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. टार्गेटच्या प्रकरणात जिचे नाव आले तीच फायरआय कंपनी या वेळी स्वतः बळी ठरली होती. तिच्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर प्रवेशासाठी दुसरा फोन नोंदविला गेला. तशी नोंद यंत्रणेने दाखविली, पण ती पाहून कोणी तरी त्या कर्मचाऱ्याला विचारले, "हा फोन तुमचाच ना?" तो म्हणाला, "नाही." एवढ्या एका प्रश्नातून पुढचा सारा शोध लागला. यंत्रणेने नोंद केली आणि माणसाने चौकशी केली. दोघांपैकी एक नसता तर?

अशीच गोष्ट २०२४ च्या मार्च महिन्यातील. अँड्रेस फ्रॉइंड या संगणकतज्ज्ञाला आपल्या कामात असे दिसले की, दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्याने कारण शोधले, आणि एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ सज्जनपणाचे सोंग घेऊन पेरलेली चोरवाट उजेडात आणली. स्वयंचलित तपासण्या तिला चुकल्या होत्या. बांधावरच्या माणसाला माती ओली लागली, ती ही.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे घ्या. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी बँक. २०१८ च्या ऑगस्टच्या ११ आणि १३ तारखांना तिच्यातून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतील बहुतेक रक्कम २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढली गेली. एरवी कोणी एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते, खात्यात शिल्लक आहे की नाही हे पाहिले जाते, आणि मगच पैसे मिळतात. चोरांनी मधल्या मार्गावर आपली एक बनावट पायरी उभी केली. मागणी मुख्य संगणकापर्यंत पोहोचेचना. ती बनावट पायरीच "द्या" असे उत्तर देई. म्हणजे मुख्य संगणकाची तपासणी ज्या दाराशी बसली होती, त्या दारावरून चोर गेलेच नाहीत. शनिवारचा दिवस साधण्यात आला होता, हेही विसरू नये.

पाचवा आणि शेवटचा धोका लहान दिसतो, पण तो तसा नाही. यंत्रणा तपासणीअंती जो अहवाल देते, त्यात घरातील सारी बिळे पत्त्यांसह लिहिलेली असतात. रक्षकाला तो उपयोगी, तसाच चोरालाही. जितक्या वेळा तपासणी, तितके अहवाल. जितके अहवाल, तितक्या प्रती. आणि प्रती कोणाच्या टपालात, कोणाच्या खणात पडून आहेत, हे कोणी पाहत नाही. तपासणीचा कागद हाही तिजोरीत ठेवावयाचा ऐवज आहे, हे लक्षात असू द्यावे.

कोणी विचारील, कायदा याविषयी काय म्हणतो? आपल्या देशात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाप्रमाणे संगणकावरील हल्ल्यासारख्या घटनांची खबर ध्यानात आल्यापासून ६ तासांत द्यावी लागते, आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षणाच्या कायद्यात, माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सहा तासांत खबर द्यावयाची तर नोंदी यंत्रणेनेच ठेवाव्या लागणार, हे उघड आहे. पण घडले काय, आणि त्याचा अर्थ काय, हे सहा तासांत ठरविणारा माणूसही जागा असावा लागणार. कायदा कागद मागतो. कागद पुरा झाला म्हणजे घर सुरक्षित झाले, असे समजणे मात्र परीक्षेत गुण मिळाले म्हणजे विद्या आली, असे समजण्यासारखे आहे.

आता दोन्ही पारडी समोर आहेत. निर्णय कसा करावा? आम्हांस असे वाटते की, "यंत्र की माणूस" हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. योग्य प्रश्न असा की, कोणते काम चुकले तर नुकसान परत भरून येते, आणि कोणते चुकले तर येत नाही? जे काम चुकले तरी सहज उलटविता येते, ते यंत्रणेकडे निःशंक द्यावे. एखाद्या संशयित संगणकाला तासभर जाळ्यापासून वेगळे ठेवले आणि संशय खोटा निघाला, तर तासाचे काम बुडाले, इतकेच. परंतु इस्पितळातील किंवा बँकेतील सारे संगणक एकदम बदलणे, माहिती कायमची पुसणे, ही कामे उलटविता येत नाहीत किंवा फार कष्टाने येतात. तेथे माणसाची संमती हवी, आणि नवा बदल आधी दहा ठिकाणी, मग शंभर ठिकाणी, मग सर्वत्र असा पायरीपायरीने न्यावयास हवा.

आमच्या विद्यार्थ्याने अखेरीस आपल्या मालकांना जे लेखी मत दिले त्यात "हो" म्हटले, पण चार अटी घातल्या. पहिली : यंत्रणा आणण्यापूर्वी कंपनीत एकूण संगणक किती, कोणते, आणि कोणाच्या जबाबदारीचे, याची पक्की यादी माणसांनी हिंडून करावी, कारण यादीत नसलेले यंत्रणेला दिसत नाही. दुसरी : यंत्रणेला पाहण्याच्या किल्ल्या द्याव्यात, बदलण्याच्या देऊ नयेत, जेथे द्यावयाच्याच तेथे त्या थोड्या, वेगळ्या आणि मुदतीच्या असाव्यात, आणि यंत्रणा स्वतः काय करते याची नोंद तिच्या हाती न ठेवता अन्यत्र ठेवावी. तिसरी : वर्षातून एकदा बाहेरच्या जाणत्या माणसांकडून चोराच्या नजरेने घर तपासून घ्यावे, आणि मधूनमधून मुद्दाम एक निरुपद्रवी दोष ठेवून यंत्रणेला तो सापडतो की नाही हे पाहावे. चौथी : तिघांपैकी कोणालाही कमी करू नये; त्यांना इशारे तपासण्याच्या कामी लावावे.

पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. मालकांनी पहिल्या तीन अटी मान्य केल्या. चौथी अर्धीच मान्य झाली. दोघे राहिले, एकाला जावे लागले. जो गेला तो तिघांत वयाने सर्वांत मोठा होता, आणि कोणता जुना संगणक कोठे व कशासाठी ठेवला आहे, हे त्यालाच तोंडपाठ होते. आमच्या विद्यार्थ्याने पत्रात लिहिले, "सर, यादी करताना त्याच्याच घरी जाऊन बसावे लागले. त्याने रागावता सारे सांगितले असते तरी मला चालले असते. पण तो न रागावता सांगत होता." आणि त्या यादीत तीन संगणक असे निघाले, की जे कंपनीत चालू आहेत हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. नव्या यंत्रणेलाही ते दिसले नसते. त्यांतील एकावर सर्व चालकांच्या परवान्यांच्या नकला होत्या.

हे पत्र मालकांना दाखविल्यावर त्यांनी त्या गृहस्थांना आठवड्यातून दोन दिवस सल्ल्यासाठी बोलाविण्यास सुरुवात केली आहे. पुरा न्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण तराजूत एक वजन घालावयाचे राहिले होते, आणि ते कोणाच्या तरी नजरेस आणून देता आले, एवढे खरे.

विद्यार्थिमित्रहो, यंत्राची निंदा करणे सोपे आहे, आणि त्याच्यावर सारा भार टाकून निजणे त्याहून सोपे आहे. दोन्ही सोपी म्हणूनच दोन्ही टाळावीत. आपल्या घरीही हाच नियम लावून पाहा. फोनमधील दुरुस्त्या आपोआप होऊ द्या. ते काम यंत्र तुमच्यापेक्षा चांगले करते. पण "तुमचे खाते बंद पडणार आहे, ताबडतोब आकडा सांगा," असा फोन आजीला आला, तर तेथे थांबून "आपण कोण?" असे विचारणे यंत्राला जमणार नाही, ते तुम्हालाच करावे लागेल. पुढच्या सुट्टीत खाजनाच्या बाजूला गेलात तर त्या लाकडी दारापाशी क्षणभर उभे राहा, त्याचे मिटणे-उघडणे पाहा. आणि मग बांधावरून शेवटपर्यंत चालत जा.